गट ऑफिसातील संगणकाची पीं-पीं : कोणती बंद करावी, कोणती ऐकावी?



दर अंकात मी आपल्याशी बेणे, खोडवा, पाचट, हुमणी यांविषयी बोलत असतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. पण त्याचा उसाशी संबंध नाही, असे मात्र समजू नका.

दोन वर्षांपूर्वीची, नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. पूर्वहंगामी लागवडीच्या नोंदी चालू होत्या. गट ऑफिसात गर्दी होती आणि टेबलाजवळून दर काही सेकंदांनी ‘पीं’ असा आवाज येत होता. बाकावर बसलेले एक वयस्कर सभासद म्हणाले, “साहेब, हे यंत्र काहून बोंबलून राह्यलं? याले काही पाहिजे काय?” सगळे हसले. मीही हसलो आणि लिपिकाला म्हणालो, “अरे, तो आवाज बंद कर आधी, डोकं उठलं.” त्याने बटण दाबले, आवाज बंद झाला.

काकांचा प्रश्न बरोबर होता, माझा हुकूम चुकीचा होता. आवाज संगणकाचा नव्हताच. तो टेबलाखालच्या यू.पी.एस.चा होता. खोलीत दिवा लागलेला होता, म्हणून लाईट आहे असे आम्ही धरून चाललो. पण शिवारात रब्बीच्या मोटारी एकदम सुरू झाल्या होत्या आणि व्होल्टेज फार खाली गेले होते. यू.पी.एस. बॅटरीवर काम करीत होता आणि तेच ओरडून सांगत होता. आम्ही त्याचे तोंड दाबले. थोड्या वेळाने बॅटरी संपली आणि नोंद चालू असतानाच संगणक धाडकन बंद पडला. नोंदीची फाईल बिघडली. वेगळी ठेवलेली प्रत सहा दिवसांपूर्वीची निघाली, त्यामुळे मधल्या सहा दिवसांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या.

ज्यांच्याजवळ नोंदीची पावती होती, त्यांचे काम पाच मिनिटांत झाले. एका सभासदाने पावती नेलीच नव्हती. त्यांची लागवडीची तारीख तोंडी माहितीवरून लिहिली गेली आणि ती तीन आठवडे पुढची पडली. पुढच्या हंगामात तोडणीचा प्रोग्राम लावताना त्यांचा नंबर मागे गेला, तेव्हा ते माझ्याकडे आले. फिल्डमनच्या जुन्या डायरीत खरी तारीख सापडली म्हणून दुरुस्ती झाली. सापडली नसती तर? पक्व ऊस रानात उभा राहिला की त्याला तुरा येतो, वजन आणि साखर घटते, हे आपल्याला मी सांगायला नको.

तेव्हापासून या पीं-पींचा अभ्यास मी मनावर घेतला. मी शेतकी पदविकेचा माणूस, संगणकाचा नव्हे. पण जनावराचे दुखणे जसे बघून-बघून कळते, तसे हेही कळते.

ही पीं-पीं आली कोठून?

तारयंत्राच्या काळात दुसऱ्या टोकाच्या माणसाचे लक्ष वेधण्यासाठी यंत्रावर घंटा वाजवायची सोय असे. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांचे जे संकेत ठरले, त्यांत ७ हा क्रमांक खास घंटेसाठी राखून ठेवला गेला. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीचा ‘पी.सी.’ आला, त्याच्या पेटीत एक छोटा भोंगा बसवलेला होता. तारसेवा आपल्या देशात २०१३ साली बंद झाली, पण तिची घंटा अशी संगणकात राहून गेली. मूळ उद्देश तोच – “इकडे लक्ष द्या.” आपल्या कारखान्याचा भोंगा उगाच वाजत नाही, तसेच हे.

आधी ओळखा, वाजते कोण?

आवाज बंद करण्याच्या आधी एवढे करावे. पडद्याच्या कोपऱ्यात स्पीकरचे जे चित्र असते, त्यावर जाऊन आवाज पूर्ण बंद करावा. पीं-पीं थांबली, तर ती विंडोजची, म्हणजे आतल्या कार्यक्रमाची. ती बहुधा निरुपद्रवी असते. थांबली नाही, तर कान लावावा. आवाज यू.पी.एस.मधून येतो, प्रिंटरमधून येतो की संगणकाच्या पेटीतून? या तिघांपैकी कोणी वाजत असेल, तर ती तक्रार समजावी.

जी बंद करण्यास हरकत नाही

१) कळफलकावरचे वजन. पुष्कळदा पावती पुस्तक किंवा रजिस्टर कळफलकावर टेकलेले असते. कळ दाबलेली राहते आणि संगणक वाजत राहतो. पुस्तक उचलावे. कळ कचऱ्याने अडकली असेल तर कळफलक उलटा करून झटकावा. धुळीच्या दिवसांत हे नेहमीचे आहे.

२) ‘टॉगल कीज’. नम लॉकची कळ पाच सेकंद दाबून राहिली, तर ही सोय सुरू होऊ शकते. मग नम लॉक, कॅप्स लॉक दाबले की दर वेळी आवाज होतो. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तेथे ‘टॉगल कीज’ बंद करावे. (विंडोज १० मध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या जागी ‘ईझ ऑफ ॲक्सेस’ असे नाव आहे.) मात्र ही सोय ज्यांना कमी दिसते त्यांच्यासाठी केलेली आहे. ऑफिसात असा कोणी सहकारी असेल, तर त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये.

३) ‘फिल्टर कीज’. उजवीकडची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली की ही सुरू होण्याचा संभव असतो. खूण अशी की कळ दाबली तरी अक्षर लगेच उमटत नाही, आणि आवाज होतो. त्याच ठिकाणी जाऊन बंद करावे. यात नोंद चुकण्याचा धोका आहे. ‘८६०३२’ लिहिताना एक आकडा गळाला, तर उसाची जात बदलून जाईल!

४) विंडोजचे साधे आवाज. चुकीच्या जागी कळ दाबली की ‘टण’ होते. कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड उघडावे, त्यातील ‘साउंड्स’ या पानावर ‘डिफॉल्ट बीप’ निवडून खाली ‘नन’ करावे आणि ‘ॲप्लाय’ दाबावे. सगळेच आवाज नको असतील, तर ‘साउंड स्कीम’मध्ये ‘नो साउंड्स’ निवडावे. याने काम बिघडत नाही.

जी ऐकलीच पाहिजे

१) यू.पी.एस.ची. सावकाश वाजणारी म्हणजे बहुधा बॅटरीवर काम चालू आहे. जलद वाजू लागली म्हणजे बॅटरी संपत आली. सारखी वाजत राहिली तर भार जास्त झाला किंवा यंत्रात बिघाड आहे. कंपनीगणिक खुणा थोड्या वेगळ्या असतात, म्हणून त्याबरोबर आलेला कागद फेकू नये. वाजू लागला की आधी चालू नोंद जतन करावी, मग संगणक रीतीने बंद करावा, आणि मग लाईटची चौकशी करावी. दिवा जळतो म्हणून लाईट ठीक आहे असे समजू नये. या बॅटऱ्या साधारण दोन ते चार वर्षे टिकतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. पंखा, प्रिंटर, चहाची शेगडी असले काही यू.पी.एस.ला जोडू नये.

२) सुरू करतानाची. बऱ्याच संगणकांत सुरुवातीला एक बारीक ‘पीं’ म्हणजे सर्व ठीक. पण पडदा काळाच राहून लांब-लांब किंवा पुनःपुन्हा आवाज आला, तर आतली स्मरणपट्टी सैल झाली असावी, किंवा पडद्याशी संबंधित भागात दोष असावा. पेटी उघडून भोंग्याची वायर काढली, तर आवाज बंद होतो, दोष राहतो. आवाज किती वेळा झाला ते मोजून कागदावर लिहावे आणि मेकॅनिकला सांगावे. त्याचे निम्मे काम होते.

३) काम चालू असताना पेटीतून येणारी. आतल्या पंख्यावर धूळ बसून यंत्र तापले असण्याची शक्यता असते. बंद करून थंड होऊ द्यावे, मग धूळ काढून घ्यावी.

४) काट्यावरच्या प्रिंटरची. कागद संपला की ठोकछाप प्रिंटर वाजतो. तो वाजू नये म्हणून कागद ओळखणाऱ्या कळीवर चिकटपट्टी लावण्याची युक्ती काही जण करतात. मग कागद नसतानाही छपाई रुळावर होते आणि वजनाची स्लिप हातात येत नाही. ही युक्ती करू नये, कोणी करताना दिसला तर सांगावे.

सभासदाचा यात काय संबंध?

काही जण म्हणतील, हे ऑफिसवाल्यांनी बघावे. बघू, आणि ते आमचे कामच आहे. पण १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा परिसरात सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे बसविण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून नोंद, तोडणी आणि वजन ही कामे गावोगाव यंत्रावर जात आहेत. २०२२ साली केंद्र सरकारने देशातील ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, म्हणजे कर्जाचे खातेही त्यावरच. कायद्याने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. पण त्या हिशोबाची सुरुवात त्या यंत्रातल्या नोंदीपासून होते.

म्हणून तीन विनंत्या आहेत. नोंदीची पावती घेतल्याशिवाय उठू नका, आणि तीवरची लागवडीची तारीख, जात व क्षेत्र तेथेच वाचून पाहा. काट्यावर स्लिप हातात घेऊन वजन बघा. आणि ऑफिसात काही वाजत असेल तर काकांसारखे बेधडक विचारा, “याले काही पाहिजे काय?”

आमच्या बाजूने, नोंदीची प्रत आता आठवड्याने नव्हे, रोज संध्याकाळी वेगळी ठेवली जाते. यू.पी.एस.वर बॅटरी बदलल्याची तारीख खडूने नव्हे, रंगाने लिहिली आहे. आणि आवाज बंद करण्याचा हुकूम मी आता देत नाही. आधी वाकून टेबलाखाली बघतो.

गोठ्यात गाय हंबरली तर आपण तिचे तोंड बांधत नाही. दावणीत चारा आहे का, पाणी आहे का, पायात काही रुतले का, ते बघतो. यंत्राच्या बाबतीत तेवढेच करायचे आहे.



आपला,
ऊस विकास अधिकारी