संपून जाणाऱ्या भेटी

क्रेयॉनवरचा कागद कोरडाच सोलायला गेलं की नखांत मेण अडकतं आणि कागदाच्या चिंध्या निघतात. तेच तुकडे वाडगाभर कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवले, तर डिंक सुटतो आणि अख्खी गुंडाळी अंगठ्याने सरकून हातात येते. हे काम पाचसहा वर्षांच्या मुलांना मनापासून आवडतं. जानेवारी सरत आला की श्रूजबरीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर शेजारपाजारची मुलं जमतात, वाडग्यात हात घालून बसतात. पाणी आधी गुलाबी होतं, मग जांभळट, आणि शेवटी नुसतं गढूळ.

श्रूजबरी हे मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर शहराला लागून असलेलं गाव. इथे भारतीय कुटुंबं भरपूर आहेत, मराठी घरंही बरीच. भारतातून नवीन आलेल्या आईवडिलांना पहिल्या फेब्रुवारीत शाळेतून वर्गातल्या सगळ्या मुलांच्या नावांची यादी येते आणि ते बुचकळ्यात पडतात. आपल्याकडे व्हॅलेंटाइन डे म्हणजे कॉलेजातली प्रेमप्रकरणं. अमेरिकेच्या प्राथमिक शाळेत मात्र त्या दिवशी प्रत्येक मूल वर्गातल्या प्रत्येकाला छोटं कार्ड देतं, म्हणून ती यादी, कुणी राहून जाऊ नये यासाठी. आणि त्याच ओघात शिक्षकांनाही काहीतरी दिलं जातं. ते काय द्यावं, हा प्रश्न दर वर्षी आमच्या टेबलावर येतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. शिक्षकाला द्यायची वस्तू वापरून संपणारी असावी. वर्गात वीस-बावीस मुलं धरा, आणि नोकरीची वीस-पंचवीस वर्षं. तितके मग, तितक्या मेणबत्त्या, ‘बेस्ट टीचर’ लिहिलेल्या तितक्या पाट्या कुणाच्या घरात मावतील? टाकून देववत नाही आणि ठेवायला जागा नाही, अशा पेचात ज्यांना आपण मान देतो त्यांना टाकू नये. शिवाय वर्गासाठी लागणाऱ्या कितीतरी गोष्टी इथले शिक्षक पदरचे पैसे घालून आणतात. हे इतकं सर्रास आहे, की केंद्रीय आयकर कायद्यातच त्याची तरतूद आहे: शिक्षकाला असा काही खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. तेव्हा वर्गात खपेल अशी वस्तू दिली तर ती नेमकी जागी पडते.

म्हणून क्रेयॉन. प्रत्येक घरात आणि प्रत्येक वर्गात मोडक्या क्रेयॉनचा एक डबा असतो, जो कुणी वापरत नाही आणि कुणी फेकतही नाही. सोललेले तुकडे कापडावर पसरून अगदी कोरडे करायचे. मग हृदयाच्या आकाराच्या खळग्यांचा सिलिकॉनचा साचा घ्यायचा. तो लवचिक असल्यामुळे भरण्याआधीच पत्र्याच्या सपाट ट्रेवर ठेवायचा, म्हणजे ओव्हनमधून काढताना मेण हिंदकळत नाही. तुकडे खळग्याच्या वर थोडे डोकावतील इतके भरायचे, कारण वितळल्यावर ते खाली बसतात. ओव्हन 230 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे 110 सेल्सिअसवर, आणि वेळ साधारण पंधरा मिनिटं. एकदा मेणाचा साचा झाला, की तो पुन्हा खाण्याच्या कामाला घ्यायचा नाही. धुऊन निघणारे म्हणून जे ‘वॉशेबल’ क्रेयॉन मिळतात ते नीट वितळत नाहीत, ते आधीच निवडून बाजूला काढावेत.

रंगांची निवड मुलांवर सोडावी, पण एकदा शेजारधर्म समजावून सांगावा. लाल, नारिंगी, पिवळा एका घरात. निळा, हिरवा, जांभळा दुसऱ्या. सगळे एकत्र आले तर मातकट तपकिरी होतो. वितळताना रंगद्रव्य जड असल्यामुळे तळाशी जातं आणि फिकट मेण वर राहतं. त्यामुळे साचा थंड झाल्यावर वरून पाहिलं तर वडी निस्तेज दिसते. मुलांचे चेहरे पडतात. मग साचा उलटा करून मागून अंगठ्याने दाबला की खालची बाजू वर येते आणि लालातून पिवळ्यात वाहत गेलेला रंग दिसतो. त्या क्षणी टेबलावर जो गलका होतो त्यासाठी मी दर वर्षी हा उद्योग करते. अशा डझनभर वड्या झाकणाच्या काचेच्या बरणीत भरल्या, की किंडरगार्टनच्या वर्गाला महिनाभराचा माल झाला. जाड, बसक्या क्रेयॉनवर लहान मुलांची चिमूट पक्की बसते, हा आणखी एक फायदा.

दुसरा उद्योग ठशांचा. भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून पाचपाकळी फूल उमटवणं महाराष्ट्रातल्या कुठल्याही चित्रकलेच्या तासाला केलेलं असतं. अमेरिकेतल्या मुलांना तसाच सेलरीचा ठसा माहीत असतो. सेलरीची जुडी बुडापासून दोनेक इंचांवर कापली की आतल्या देठांच्या कडा एकात एक गुंडाळलेल्या दिसतात, आणि कागदावर उमटतो तो चक्क गुलाब. आमच्या टेबलावर दोन्ही असतात. भेंडी इंडियन स्टोअरमधून येते. कापल्यावर तिचा चिकटा जाईपर्यंत ती कागदावर पालथी घालून ठेवावी लागते. सेलरीला मात्र रबरबँड हवा, नाहीतर दाब पडताच देठ फाकतात, आणि तिचं पाणी आधी टिपून घ्यायला हवं.

रंग ताटलीत ओतून त्यात ठसा बुडवू नये. ताटलीत स्पंजचा चपटा तुकडा ठेवून त्यावर रंग जिरवावा आणि ठसा त्यावर टेकवावा. कागदावर सरळ खाली दाबायचा, सरळ वर उचलायचा. मुलं हमखास घासतात, आणि गुलाबाचा डाग होतो. पहिला ठसा भरभरून, थबथबलेला येतो. खरा देखणा येतो तो दुसरा आणि तिसरा, ज्यात रंग थोडा विरळ होऊन देठांच्या रेषा दिसायला लागतात. म्हणून पहिला नेहमी रद्दीवर. मुलांना हे एकदा दिसलं, की ती आपणहून रद्दी ओढून घेतात.

हे ठसे उमटवायचे कोऱ्या कार्डांवर. इथला नेहमीचा जाड कागद साडेआठ बाय अकरा इंचांचा असतो. तो मधोमध कापून प्रत्येक अर्ध्याची घडी घातली की साडेपाच बाय सव्वाचार इंचांचं कार्ड होतं, आणि त्याला दुकानात ‘ए-टू’ नावाचं पाकीट तयार मिळतं. घडी घालण्यापूर्वी पट्टी लावून चमच्याच्या टोकाने एक रेघ दाबून घ्यायची, म्हणजे जाड कागद घडीवर फाटत नाही. हे काम मोठ्यांचं. आठ कार्डं, आठ पाकिटं, भोवती सुतळी. शिक्षकांना आईवडिलांना, सहकाऱ्यांना, मुलांना सतत चिठ्ठ्या लिहायच्या असतात. गुलाबाची कार्डं मे महिन्यापर्यंत संपलेली असतात. दुसरीच्या एका शिक्षिकेने तशाच एका कार्डावर ते देणाऱ्या मुलीच्या आईला वर्षअखेरीचा निरोप लिहून पाठवला. भेट अशी परत फिरून आली, याहून मोठी पावती मला ठाऊक नाही.

हाताने व्हॅलेंटाइन करण्याच्या या कामाला आमच्या भागात जुनं मूळ आहे. वूस्टरच्या एस्थर हाउलंडने 1847 मध्ये माउंट होलिओक या मुलींच्या शिक्षणसंस्थेतलं शिक्षण संपवलं. वडिलांचं पुस्तकांचं आणि कागदाचं दुकान होतं. इंग्लंडहून आलेलं, झालरीच्या कागदाचं एक व्हॅलेंटाइन तिच्या हाती पडलं आणि आपणही असं करू शकतो, असं तिच्या मनाने घेतलं. तिने नमुने केले, ते भावाने आपल्या विक्रीच्या दौऱ्यात नेले. 200 डॉलरचं काम मिळालं तरी पुष्कळ, अशी तिची अपेक्षा होती. तो परतला 5000 डॉलरच्या मागण्या घेऊन. मग तिने मैत्रिणींना बोलावलं आणि घरातच काम वाटून दिलं: एकीने चित्रं कापायची, दुसरीने झालर बसवायची, तिसरीने रंगीत कागदाचा तुकडा मागून चिकटवायचा. 1881 च्या सुमाराला तिने हा व्यवसाय त्याच धंद्यातल्या जॉर्ज व्हिटनीला विकला. वूस्टरच्याच अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या संग्रहात तिची व्हॅलेंटाइन्स आहेत. कागदाच्या झालरीमागे लाल किंवा निळा तुकडा सरकवून ती खोली आणायची, ते पाहण्यासारखं आहे.

तिची वाटणी उत्तम मालासाठी होती. आमच्या टेबलावरची वाटणी वेगळ्या कारणासाठी आहे. इथे कात्री, गरम गोंदाची बंदूक आणि ओव्हन एवढंच मोठ्यांकडे. बाकी सगळं मुलांकडे, वाकडं झालं तरी. आईवडिलांना हे जड जातं. वाकडं चिकटवलेलं हृदय पाहून त्यांचा हात आपोआप पुढे येतो, आणि मग जी वस्तू वर्गात पोहोचते ती आईने केलेली असते, हे शिक्षकाला पहिल्या नजरेत कळतं. वर्षभर त्या मुलाचं अक्षर, त्याचं कापणं, त्याचं रंगवणं त्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना तेच हात ओळखता यायला हवेत.

तिसरी वस्तू थोडी नटवी आहे, तरी मी तिच्या बाजूने आहे. कॉफी गाळायचे पांढरे, सपाट बुडाचे कागदी फिल्टर घ्यायचे. त्यांवर धुऊन निघणाऱ्या मार्करने रेघोट्या मारायच्या आणि पाण्याचा फवारा द्यायचा. रंग कागदात धावत सुटतो. काळ्या रेघेतून निळा, जांभळा, कधी पिवळाही वेगळा होऊन बाहेर येतो, कारण मार्करचा काळा हा अनेक रंगांचा मिळून केलेला असतो आणि पाणी प्रत्येकाला वेगवेगळ्या वेगाने वाहून नेतं. चौथीतल्या मुलाला हे विज्ञानाच्या तासाला शिकवलेलं असतं, तो लहानांना समजावून सांगतो. फिल्टर वाळले की तीन-चार एकावर एक ठेवून मध्ये चिमटीत धरायचे, तारेने बांधायचे, पाकळ्या मोकळ्या करायच्या. ही फुलं मी बाटलीत ठेवायला देत नाही. ती पेनाच्या टोकाला हिरव्या पट्टीने गुंडाळते. शिक्षकाच्या टेबलावरचं पेन दिवसातून दहा हात उचलतात. फूल लावलेलं पेन खिशात जात नाही, ते जागेवर राहतं.

खाण्याचं मात्र काही करायचं नाही. आपला पहिला विचार लाडवाचा किंवा शंकरपाळ्यांचा असतो, आणि तो मागे घेताना वाईट वाटतं. पण दाणे, काजू, तीळ, दूध, गहू यांतल्या कशाची तरी ॲलर्जी असलेली मुलं इथे वर्गात असतात आणि अनेक शाळांत घरचं खाणं वर्गात आणायला मनाई असते. तो नियम मनापासून पाळावा. महागाचंही काही नको. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने सरकारी शाळेतल्या शिक्षकाला एका कुटुंबाकडून 50 डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट घेता येत नाही. आमची बरणी डॉलर ट्री या स्वस्त वस्तूंच्या दुकानातली, आणि क्रेयॉन फुकटच.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका ओळीत. प्रत्येक वस्तूसोबत मुलाने स्वतः लिहिलेली चिठ्ठी जाते. ‘यू आर द बेस्ट टीचर’ हे सगळ्यांच्या हाताला येतं, ते मी थांबवते. मी एवढंच विचारते, “टीचर असं काय करतात, जे बाकी कुणी करत नाही?” आणि गप्प बसते. बहुतेक मुलं आधी “शी इज नाइस” म्हणतात. अजून थोडं थांबलं, की खरं बाहेर येतं. किंडरगार्टनमधला एक मुलगा बराच वेळ भेंडी दाबत बसला होता. मग मान वर न करता म्हणाला, “काकू, माझी झिप अडकते ना जॅकेटची, तेव्हा ती घाई नाही करत.” त्याने तेच लिहिलं. या वयात इथे ऐकू येईल त्या आवाजावरून अक्षरं जुळवायला शिकवतात, त्यामुळे चिठ्ठीत शब्दांची रूपं भलतीच होती. एकही दुरुस्त केलं नाही. त्याच्या शिक्षिकेला ती सहज वाचता येणार होती, रोज तेच तर वाचते ती. वस्तू संपावी आणि चिठ्ठी राहावी, एवढाच या सगळ्या खटाटोपामागचा हिशेब आहे.

चिठ्ठ्यांची यादी करताना वर्गशिक्षकाच्या पुढेही जावं. वर्गातल्या मदतनीस, उच्चार सुधारून घेणाऱ्या थेरपिस्ट, ग्रंथपाल, पिवळ्या बसचे चालक, रस्ता ओलांडून देणारे गृहस्थ यांना फारसं काही मिळत नाही. आणि अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत शनिवार-रविवार स्वेच्छेने शिकवणाऱ्या ताई आणि दादा. त्यांच्या कार्डावर मुलांनी स्वतःचं नाव देवनागरीत लिहावं, वेलांटी चुकली तरी चालेल. त्या ताईंनीच ती शिकवलेली असते.

राहता राहिला दिवस. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रेसिडेंट्स डेच्या आठवड्यात, म्हणजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारपासून, शाळांना सुट्टी असते. 2026 मध्ये व्हॅलेंटाइनची 14 तारीख शनिवारी आली, म्हणजे सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस 13. त्यात फेब्रुवारी हा बर्फाचा महिना. पहाटे फोन येतो आणि शाळा बंद. म्हणून आमच्या बरण्या आणि पाकिटं दोन दिवस आधीच दप्तरात जातात, कार्डं झिपच्या पिशवीत, कारण बसपर्यंत जाताना दप्तर बर्फात टेकतंच, आणि सेलरीचा गुलाब ओला झाला की पसरतो.