ऐंशी पैशांची दुपार

महाराष्ट्रातल्या कारखानदारांना सकाळी ९ ते १२ ही वेळ वर्षानुवर्षं महागात पडत आली. त्या तीन तासांतल्या प्रत्येक युनिटवर महावितरण ८० पैसे जादा लावायचं आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत दीड रुपया सूट द्यायचं. म्हणून तर कितीतरी भट्ट्या रात्रपाळीत पेटायच्या. जुलै २०२५ पासून तेच ८० पैसे सवलतीच्या रूपात अवतरले, आणि तेही घरगुती बिलात. टीओडी, म्हणजे वापराची वेळ नोंदवणारा, मीटर बसलेला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेलं युनिट तेवढ्याने स्वस्त. ही सवलत पुढे टप्प्याटप्प्याने रुपयापर्यंत न्यायची, असं ठरलेलं आहे.

असं उलटं व्हायला कारण सूर्य. कोळशाचा संच रात्री मागणी पडली म्हणून लगेच विझवता येत नाही, तो धगधगत ठेवावाच लागतो. त्यामुळे रात्रीची वीज कमी भावात खपवावी लागे. मग राजस्थान, गुजरात, कर्नाटकात आणि आपल्याकडेही सौर पॅनेल इतके वाढले की भर दुपारी विजेचा पूर येतो. सूर्य कलला, घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सुरू झाले की तितकीच ओढाताण. इंडियन एनर्जी एक्स्चेंज या वीजबाजारात हे लख्ख दिसतं. तिथे युनिटला १० रुपयांची कमाल मर्यादा आहे आणि उन्हाळ्यातल्या कित्येक संध्याकाळी भाव त्या मर्यादेला जाऊन टेकतो. उलट मे २०२५ मधल्या एका रविवारी, अवकाळी पावसाने मागणी पडलेली असताना, भर दिवसा तो जवळजवळ शून्यावर आला होता.

बाजारात दुपार आणि संध्याकाळ यांच्यात कधीकधी असं काही रुपयांचं अंतर पडतं. आपल्या बिलात ते ८० पैशांचं. ‘दुपारची स्वस्त वीज बॅटरीत भरा, संध्याकाळी वापरा’ असं सांगत कोणी दारात आलं, तर आधी या ८० पैशांचा हिशेब मांडावा.

समजा सगळे आकार धरून युनिट १० रुपयांना पडतं. सवलत वजा जाता दुपारी ९ रुपये २० पैसे. बॅटरीत दुपारी ग्रिडवरून ५ युनिट भरले, खर्च ४६ रुपये. पण जेवढं आत घालू तेवढं बाहेर येत नाही. भरताना एसीचं डीसी, वापरताना डीसीचं एसी, वर थोडी उष्णता. दहा टक्के घट धरावीच लागते. संध्याकाळी हातात येतात साडेचार युनिट, त्यांची किंमत ४५ रुपये. बॅटरी कोणी फुकट भिंतीवर टांगून दिली, तरी रोज एक रुपया अंगावर. कांदाचाळ बांधणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. चाळीत कांदा सुकतो, सडतो, त्याला कोंब फुटतात. पुढचा भाव ही घट पुरून उरेल इतका चढणार असेल, तरच साठवण्यात अर्थ.

ऑस्ट्रेलियात तो भाव चढतो. तिथे साधारण दर तीन घरांपैकी एकाच्या छतावर पॅनेल आहेत. २०१० मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याने छतावरच्या युनिटला ६० सेंट देऊ केले, तेव्हा लोकांची झुंबड उडाली. पुढे दुपारच्या विजेला कोणी विचारेना. २०२४-२५ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातला किमान खरेदी दर उरला ३.३ सेंट. आणि संध्याकाळी ऐन मागणीच्या वेळी तेच युनिट ग्रिडकडून घ्यायचं, तर अनेक ठिकाणी ४० सेंटच्या वर. इतका फरक असेल तर दहा टक्के घटीची फिकीर कोण करतो? १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारने घरगुती बॅटरीच्या किमतीत सुमारे ३० टक्के सूट सुरू केली आणि वर्ष संपायच्या आत लाखाहून अधिक बॅटऱ्या बसल्या.

मला मात्र तिथल्या बॅटऱ्यांपेक्षा पाण्याच्या टाक्यांचं जास्त अप्रूप वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या घरांत दोनशे-तीनशे लिटरचा विजेचा बंब असतो. त्याला वेगळी जोडणी, वेगळा दर. कोळशाच्या संचांना रात्री गिऱ्हाईक हवं, म्हणून हे बंब पिढ्यानपिढ्या मध्यरात्री तापत आले. दक्षिण ऑस्ट्रेलियात वीजवाहिन्यांच्या कंपनीने २०२० मध्ये सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेचा वहन आकार नेहमीच्या चौथ्या हिश्श्यावर आणला आणि बंबांची वेळही मध्यरात्रीतून दुपारकडे सरकवायला सुरुवात झाली. नवं काहीच विकत घ्यायचं नाही, फक्त टायमर बदलायचा. दुपारी तापलेलं पाणी जाड वेष्टनाच्या टाकीत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकतं. आता ऑस्ट्रेलियाचं केंद्र सरकार याच्याही पुढे निघालं आहे. जुलै २०२६ पासून काही राज्यांत दुपारचे किमान तीन तास वीज फुकट देण्याची योजना त्याने जाहीर केली आणि त्यासाठी छतावर पॅनेल असण्याची अट ठेवली नाही. भाडेकरूंना आणि फ्लॅटवाल्यांना उन्हाचा वाटा मिळण्याचा हा पहिला सरळ मार्ग म्हणायला हरकत नाही.

मग बाजारातला भावच जसाच्या तसा घरापर्यंत का येऊ देऊ नये? ऑस्ट्रेलियात अंबर नावाची कंपनी हेच करते. भाव दिवसभर बदलत राहतो, कधी शून्याखाली जातो, आणि ग्राहकाची बॅटरी तो पाहून आपोआप भरते किंवा रिकामी होते. ज्याला रोज भाव पाहण्याची हौस आहे, त्याने जरूर करावं. पण टेक्सासमधला फेब्रुवारी २०२१ विसरू नये. हिमवादळात बाजारभाव कमाल मर्यादेला, युनिटमागे ९ डॉलरला भिडला आणि तिथेच राहिला. ग्रिडी या कंपनीच्या ग्राहकांना काही दिवसांच्या वापराची हजारो डॉलरची बिलं आली. पुढच्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भाव लवचीक असावा, पण घरगुती ग्राहकासाठी त्याला वर झाकण हवंच.

आपल्याकडे बॅटरी न परवडण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते सुखाचं आहे: नेट मीटरिंग. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या पॅनेलला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट रात्री युनिटास युनिट परत. घट नाही, भाडं नाही. अख्खी ग्रिड हीच आपली फुकटातली बॅटरी, मग दुसरी विकत कशाला घ्यायची? पण ही चैन कायमची नाही. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ मध्ये नव्या सौर ग्राहकांचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने कापला आणि तिथे पॅनेलबरोबर बॅटरी घेणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने वाढलं. आपल्याकडेही २०२५ च्या सुरुवातीला, दुपारी तयार झालेलं युनिट दुपारच्याच वापरातून वजा करावं, असा प्रस्ताव दरसुनावणीत आला होता. छतवाल्या ग्राहकांनी त्यावर जोरदार हरकती घेतल्या. तो विषय आज ना उद्या पुन्हा निघणार, असं माझं मत आहे.

तोवर हाताशी आहेत त्या टाक्या बघाव्यात. सोसायटीचा ५ एचपीचा पंप तासाला साधारण ४ युनिट खातो. पालिकेचं पाणी पहाटे येतं ते खालच्या टाकीत. ते वर कधी चढवायचं, हे आपल्या हातात असतं. वरची टाकी दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या आंघोळी निभावण्याइतकी मोठी असेल, तर वॉचमनने सहाऐवजी अकराला बटण दाबलं तरी चालतं. रोज तीन तास पंप चालत असेल तर महिन्याला तीनशे रुपयांच्या आतबाहेर वाचतात. रक्कम किरकोळ आहे, पण खर्च शून्य आहे. घरात मात्र हे सोपं नाही. नवरा-बायको दोघंही नोकरीला असतील तर ९ ते ५ घराला कुलूप. टायमरवर फार तर वॉशिंग मशीन चालेल. ही सवलत घरी असणाऱ्यांना, म्हणजे निवृत्तांना आणि गृहिणींना जास्त मिळते, हे कबूल करायला हवं.

वेळ बदलायला सांगणं महाराष्ट्राला नवं नाही. भारनियमनाच्या दिवसांत अक्षय प्रकाश योजना होती. गावाने आपणहून संध्याकाळी कृषिपंप बंद ठेवायचे आणि त्या बदल्यात गावात दिवे राहायचे. अनेक गावांनी ते एकमेकांवर लक्ष ठेवून पाळलं. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडरच सौर प्रकल्पांना जोडले जात आहेत आणि रात्री टॉर्च घेऊन बांधावर जाणारा शेतकरी दिवसा पाणी देऊ लागला आहे. घरगुती बॅटऱ्यांच्या कितीतरी आधी दुपारचं ऊन खाणार आहेत ते हे पंप.

बॅटरी आजच घ्यावी ती वीज वारंवार जाते तिथे. छतावर पॅनेल बसवून निर्धास्त झालेल्या अनेकांना पहिल्या बिघाडाच्या दिवशी कळतं, की ग्रिडची वीज गेली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. परिणामी भर उन्हात, डोक्यावर तीन किलोवॉट असताना, खाली पंखा बंद. अशा घरांनी पॅनेल बसवतानाच हायब्रिड इन्व्हर्टर मागावा. तो महाग पडतो, पण बॅटरी आज ना उद्या केव्हाही जोडता येते. घाई नसेल तर थांबणंच फायद्याचं. लिथियम बॅटरीचा जागतिक सरासरी भाव २०१० मध्ये किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला. तोवर इन्व्हर्टरशेजारी, ऊन आणि पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशी हातभर भिंत मोकळी सोडायला इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवावं.