चुकीच्या किल्लीने उघडणारे कुलूप

गरोदर बाईचा रक्तदाब वाढला, की घरात लगेच कारणे शोधली जातात. मीठ जास्त पडले असेल, विश्रांती घेत नसेल, मनाला काही लावून घेतले असेल. बहुतेक वेळा बोट तिच्याकडेच वळते. अमेरिकेतल्या एका कुटुंबाची गोष्ट मात्र वेगळेच सांगते.

येल विद्यापीठातील डेव्हिड गेलर, रिचर्ड लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००० साली प्रसिद्ध केली. सुरुवात झाली पंधरा वर्षांच्या एका मुलापासून. एवढ्या लहान वयात त्याचा रक्तदाब फार चढलेला होता. त्याच्या तेवीस नातेवाइकांना तपासले, तेव्हा अकरा जणांना विशीच्या आतच हा त्रास जडलेला आढळला.

आता थोडे शरीरशास्त्र. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक सोडते. मूत्रपिंडाच्या पेशींत त्याच्यासाठी एक ग्राहक प्रथिन असते. अल्डोस्टेरॉन ही किल्ली, ग्राहक हे कुलूप. कुलूप उघडले की शरीर मीठ धरून ठेवते, मिठापाठोपाठ पाणी राहते आणि रक्तदाब वाढतो. हे प्रथिन घडवण्याचा आराखडा एका जनुकात असतो. जनुक प्रत्येक पेशीत असले, तरी मूत्रपिंडासारख्या ठरावीक जागीच ते विशेष जागे असते.

त्या कुटुंबात या प्रथिनाच्या ९८४ दुव्यांपैकी ८१० वा दुवा बदललेला होता. सेरिनच्या जागी ल्युसिन, बस्स, इतकेच. पण तेवढ्याने कुलपाची चवच बदलली म्हणा ना! प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक. एरवी तेही या कुलपात शिरते, पण ते उघडत नाही. उलट जागा अडवून ठेवते. बदललेले कुलूप मात्र त्याच प्रोजेस्टेरॉनने उघडते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन सुमारे शंभरपट वाढते. म्हणजे कुलूप उघडणाऱ्या किल्ल्यांचा जणू पूरच. त्या घरातील दोघी बायकांना मिळून पाच वेळा दिवस गेले आणि पाचही वेळा रक्तदाब भयंकर चढला. अल्डोस्टेरॉन मात्र रक्तात अगदी कमी होते.

मग पुरुषांना हा त्रास का? २००३ सालच्या संशोधनात दिसले, की एरवी निरुपद्रवी असणारे कॉर्टिसोनही हे बिघडलेले कुलूप उघडते, आणि ते तर सर्वांच्याच रक्तात असते.

असा दोष अत्यंत दुर्मीळ आहे, हे आवर्जून सांगायला हवे. गरोदरपणातील रक्तदाबाची नेहमीची कारणे निराळी असतात. विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० च्या वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्याचा उगम बहुतेकदा वारेच्या घडणीत असतो. त्या दोघींच्या लघवीत तसे काही सापडले नव्हते. म्हणूनच दर तपासणीला दाबाबरोबर लघवीही पाहतात. माहेरी कुणाला तरुणपणीच रक्तदाब झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. तेवढ्याने पुढची दिशा बदलू शकते. कारण अल्डोस्टेरॉनचे कुलूप बंद ठेवायला एरवी जे स्पायरोनोलॅक्टोन देतात, ते औषधसुद्धा या बदललेल्या कुलपाला किल्लीसारखेच लागू पडते.