घरचा नवा संगणक : ऐकीव आणि खरे

घरासाठी संगणक घ्यायचे ठरले की दुकानात पहिली चौकशी होते ती आय-थ्री, आय-फाइव्ह की आय-सेव्हन याची. आकडा जितका मोठा तितका संगणक वेगवान, ही समजूत सर्वांत पक्की आहे आणि सर्वांत महागात पडते तीही हीच. आय-सेव्हन ही कंपनीने पाडलेली श्रेणी आहे आणि ती त्या त्या पिढीपुरतीच खरी असते. इंटेलचा २०१६ मधला आय-सेव्हन ७५००यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर दोन कोअरचा होता. पुढच्याच वर्षी आलेला आय-फाइव्ह ८२५०यू चार कोअरचा निघाला. बरीच कामे एकदम चालू असताना हा आय-फाइव्ह त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो.

एएमडीच्या प्रोसेसरांचीही तीच गत. ‘रायझन ५’ हे एकच स्टिकर तीन वेगळ्या लॅपटॉपांवर दिसू शकते: एकात ७५२०यू, दुसऱ्यात ७५३०यू, तिसऱ्यात ७५४०यू. यातला पहिला ७ फक्त २०२३ ची मालिका असल्याचे सांगतो. खरी माहिती तिसऱ्या अंकात आहे. तिथे २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ मध्ये बाजारात आलेली; ३ असेल तर २०२० ची झेन ३; आणि ४ असेल तर २०२२ ची झेन ४. कोअरही वेगळे, ७५२०यू मध्ये चार आणि इतर दोघांत सहा. दुकानात स्टिकर न वाचता हा पूर्ण क्रमांक विचारून घ्यावा. विक्रेत्याला तो सांगता येत नसेल तर खरेदी थांबवलेली बरी.

गिगाहर्ट्झचा आकडा तर तुलनेला जवळपास निरुपयोगी आहे. २००४ मध्ये पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले होते. वर उल्लेख केलेल्या ८२५०यू चा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झच आहे, तरी तो त्या पेंटियमपेक्षा कितीतरी जास्त काम उरकतो. एका ठोक्यात किती काम होते आणि किती कोअर ते वाटून घेतात, हे त्या आकड्यात दिसत नाही.

‘मेमरी किती?’ या प्रश्नाला कुणी ८ जीबी म्हणते, कुणी ५१२ जीबी, आणि दोन्ही उत्तरे बरोबर असतात, कारण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, जिथे चालू काम मांडलेले असते. एसएसडी किंवा हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. फोटो मावेनासे झाले म्हणून रॅम वाढवून उपयोग नाही, आणि ब्राउझरमधले पंधरा-वीस टॅब अडखळतात म्हणून मोठी डिस्क घेऊनही नाही. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते तेव्हा फसवणूक झाल्याचा संशय येतो, पण तो फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे: कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

रॅम किती हवी याचे उत्तर घरीच मिळते. सध्याच्या विंडोज संगणकावर रोजची सगळी कामे एकदम उघडावीत, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी पाहावी. आकडा ६-७ जीबीवर रेंगाळत असेल तर नव्या संगणकात १६ जीबी घ्यावी. ऑनलाइन वर्ग, बँकेची कामे, पत्रव्यवहार आणि चित्रपट एवढ्यावर भागणाऱ्या घरात ८ जीबी अजूनही चालते. ‘रॅम काय, नंतर वाढवता येईल’ यावर मात्र विसंबू नये. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि जादा स्लॉट नसतो. अ‍ॅपलच्या मॅकबुकमध्ये तर ती वाढवण्याची सोयच नाही.

संगणक संथ झाला की दोष प्रोसेसरला दिला जातो, पण खोळंबा बहुतेक वेळा हार्ड डिस्कचा असतो. लॅपटॉपमधली जुनी डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा सुईखाली येईपर्यंत संगणकाला थांबावेच लागते, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे गोळा करायचे असतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या अंशात होते. म्हणून एसएसडी असलेला आय-थ्री हार्ड डिस्कवरून चालणाऱ्या आय-सेव्हनपेक्षा रोजच्या वापरात चपळ वाटतो. अगदी स्वस्त लॅपटॉपांत ६४ जीबीची ईएमएमसी साठवण असते. विंडोज आणि तिचे अपडेट यांतच ती भरत येते, त्यामुळे ती टाळावी.

वेगळे ग्राफिक्स कार्ड हवेच, हाही एक आग्रह. हिशेब, अभ्यास आणि व्हिडिओ यांसाठी प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स पुरते. मोठे गेम, थ्रीडी आरेखन आणि व्हिडिओ संपादन यांसाठी कार्डावर केलेला खर्च सार्थकी लागतो. इतरांनी तेच पैसे चांगल्या स्क्रीनवर घालावेत, कारण डोळ्यांसमोर तास न् तास तीच असते. १३६६ बाय ७६८ चा पडदा आता घेऊ नये. १९२० बाय १०८० चा, आयपीएस जातीचा घ्यावा. टीएन पडद्यात थोडे खालून-वरून पाहिले की रंग फिके पडतात, हे दुकानातच दिसते.

लॅपटॉप म्हणजे आधुनिक आणि डेस्कटॉप म्हणजे कालबाह्य, असेही नाही. जो संगणक टेबलावरून हलणारच नाही, त्याच्यासाठी डेस्कटॉपमध्ये त्याच पैशांत मोठा पडदा, चांगला कीबोर्ड आणि सुटे भाग बदलण्याची मोकळीक मिळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात तो असेंबल करून घेता येतो. तो हलक्या दर्जाचा असतो हे सरसकट खरे नाही. प्रत्येक भागाला त्या त्या कंपनीची स्वतंत्र वॉरंटी असते, फक्त बिलावर प्रत्येक भाग नावानिशी लिहून घ्यायला हवा. वीज वारंवार जाते तिथे लॅपटॉपची बाजू उजवी ठरते. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, निदान काम सेव्ह करून संगणक बंद करण्यापुरता. घरच्या इन्व्हर्टरवर भागवायचे असेल तर त्यावरचा यूपीएस मोड चालू ठेवावा, नाहीतर वीज बदलताना संगणक बंद पडू शकतो. विजेचा फरकही विचारात घेण्याजोगा आहे: १०० वॉटचा डेस्कटॉप रोज पाच तास चालला तर महिन्याला १५ युनिट, ३० वॉटचा लॅपटॉप साडेचार.

सॉफ्टवेअरचा विचार मात्र सगळ्यांच्या आधी व्हायला हवा, आणि तो सहसा शेवटी होतो. घरी टॅली चालवायची असेल तर टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. अभियांत्रिकीला लागणारे सॉलिडवर्क्स आणि वास्तुरचनेचे रेव्हिटही तसेच. अशा घरात मॅक कितीही उत्तम असला तरी अडचणीचा. काही लॅपटॉप स्वस्त दिसतात ते त्यात विंडोज नसल्यामुळे. वर फ्रीडॉस असे लिहिलेले असते आणि विंडोजचा खर्च पुढे वेगळा येतो. ऑफिस विकतच घ्यावे लागते असे नाही. लिबरऑफिस मोफत आहे आणि घरगुती पत्रे, तक्ते, शाळेचे प्रकल्प त्यात नीट होतात.

मराठी लिहायला खास सॉफ्टवेअर किंवा मराठी छापलेला कीबोर्ड लागतो, हा समज अजून अनेक घरांत आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की झाले. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत, त्यामुळे मांडणी लवकर बोटांत बसते. असे लिहिलेले मराठी युनिकोडमध्ये असते आणि कोणत्याही फोनवर वाचता येते. जुन्या फॉन्टवर काम चालणाऱ्या डीटीपी व्यावसायिकांची गरज तेवढी वेगळी.

जुना संगणक लगेच टाकून द्यावा असे मात्र नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. या अटीत बसणाऱ्या यंत्रात एसएसडी आणि थोडी रॅम घातली की नवी खरेदी काही वर्षे पुढे जाते. न बसणाऱ्यावर लिनक्स मिंट टाकून ब्राउझर आणि लिखाण यांसाठी तो वापरता येतो. तो कुणाला द्यायचाच असेल तर फाइल डिलीट करून भागत नाही, कारण डिलीट केल्याने डिस्कवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही आणि तो परत काढता येतो. विंडोज रिसेट करताना सगळे काढून टाकण्याचा आणि त्यातच डेटा साफ करण्याचा पर्याय निवडावा, किंवा डिस्क काढून घरीच ठेवावी.