पद गेले, पक्षी राहिले

वन्यजीवांची ओळख करून देणाऱ्या मार्गदर्शकास पदवी हवी की निरीक्षणाची सवय? डॉ. सालिम अली यांना हा प्रश्न तरुणपणीच भेडसावला. मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले होते; तथापि विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्याने भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाचे पद त्यांना लाभले नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविज्ञान विभागात ते मार्गदर्शक-व्याख्याते झाले. प्रेक्षकांना समजावून सांगायचे ते पेंढा भरलेले पक्षी! १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकण्यास गेले. १९३० मध्ये परतले, तो निधीअभावी ते पदच रद्द झालेले.

मग बिऱ्हाड अलिबागजवळच्या किहीमला हलले. तेथे त्यांनी सुगरणीच्या वसाहतीवर तासन् तास पाळत ठेवली. कोकणात ही घरटी कोणी पाहिली नाहीत? परंतु नर घरटे अर्धेच विणतो, मादीने ते पसंत केल्यावरच पुरे करतो आणि लगेच दुसरीसाठी नवे विणू लागतो, ही त्याची रीत अलींनी उलगडली.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. वस्तुसंग्रहालयातील मार्गदर्शक आता वाचकाच्या पिशवीतून रानात हिंडू लागला.