रोजा, बाळ आणि शाळेची घंटा

पहाटे सहेरीसाठी गडहिंग्लजच्या मोहल्ल्यांत दिवे लागतात, तेव्हा काही घरांत बाळही जागे असते. तव्यावर भाकरी, पाळण्यात रडणे आणि कोपऱ्यात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. बाळंतपणाची रजा संपवून शाळेत परतलेल्या शिक्षिकेचा रमजान असा सुरू होतो. रोज एकच प्रश्न : आज रोजा धरायचा, की बाळाच्या दुधाचा विचार करायचा?

इस्लामने तिला इथे अडवलेले नाही. सूरह बकरामध्ये आजारी आणि प्रवासी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची मुभा आहे. हदीसमध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर सवडीने, कजा म्हणून धरता येतात. त्याच सूरहमध्ये बाळाला पूर्ण 2 वर्षे दूध पाजण्याचाही उल्लेख आहे. तरीही ‘बाकीच्या बायका धरतातच की’ हे ऐकावे लागते. वर्गातली मुले निरागसपणे विचारतात, ‘मॅडम, आज रोजा आहे ना?’ आणि उत्तर देताना तिला उगाच अपराधी वाटते.

दुसरी ओढाताण रजेच्या हिशेबाची. मातृत्व लाभाच्या 1961 च्या कायद्यातली 12 आठवड्यांची रजा 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे झाली. त्यातले 8 आठवडे बाळंतपणाआधी घेतले, तर शाळेत परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. डॉक्टर तर 6 महिने केवळ आईचेच दूध द्या म्हणतात. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी देण्याची तरतूद आहे. पाळणाघराची सक्ती मात्र 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथेच. लहान शाळेतल्या आईला घरच्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

अशा वेळी छोट्या गोष्टी कामी येतात. काढून ठेवलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले, तर 4 दिवसांपर्यंत चालते. आजी किंवा आत्या ते वाटी-चमच्याने पाजू शकते. शाळेत एखादी आडोशाची खोली मिळाली, एखाद्या सहकारी बाईंनी ‘तुम्ही जा, तासाला मी बसते’ म्हटले, की निम्मे ओझे उतरते. मग त्या बाईंच्या घरी दिवाळी असो की ईद.

ही परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. 1856 च्या ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई फुले आजारपणामुळे माहेरी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची आठवण काढली. आपल्या गैरहजेरीत तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यांनी त्यात व्यक्त केला. एकीची अडचण दुसरीने न बोलता उचलायची, ही रीत तेव्हापासूनची आहे.

रमजान सबुरी शिकवतो. पण सबुरी फक्त आईनेच का धरायची? तिच्या रोजाची चौकशी करण्याऐवजी घरच्यांनी बाळाला तासभर सांभाळले, शाळेने एक खोली मोकळी करून दिली, तर तेही नेकीचेच काम. संध्याकाळी अजान होते, घरचे खजुराने रोजा सोडतात. शाळेतून परतलेल्या आईच्या मांडीवर बाळ पोटभर पिऊन झोपलेले असते. तिचा रोजा उद्याचा असेल, पण तिच्या वाट्याची इबादत आज झालेली असते.