फोन जुना झाला म्हणजे नेमकं काय झालं?

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही काउंटरपाशी थोडा वेळ थांबलात, तर एक वाक्य हमखास ऐकू येईल: "चार वर्षं झाली हो, आता किती चालणार?" हे म्हणताना आपण गृहीत धरतो की सगळा फोन एकदमच म्हातारा होतो. प्रत्यक्षात प्रोसेसर चार वर्षांत सहसा थकत नाही. बॅटरी झिजते, चार्जिंगचं पोर्ट सैल होतं, स्टोरेज भरतं आणि कंपनीचे सॉफ्टवेअर अपडेट बंद होतात. यातल्या पहिल्या तिघांवर इलाज आहे. चौथ्यावर सर्वसामान्य ग्राहकाच्या हातात काहीच नाही. त्यामुळे आपल्या फोनचं यांपैकी काय बिघडलंय, हे आधी ओळखायला हवं.

सगळ्यात पसरलेला गैरसमज म्हणजे "फोन स्लो झाला, म्हणजे संपला." फोन मंदावण्याचं एक साधं कारण स्टोरेज हे असतं. फ्लॅश मेमरीत नवीन काही लिहिण्याआधी जुना कप्पा पुसावा लागतो, आणि मोकळी जागा उरली नसेल तर प्रत्येक वेळी ही उठाठेव वाढते. व्हॉट्सअ‍ॅपवर साठलेले व्हिडिओ काढून दहा-पंधरा टक्के जागा मोकळी केली, तरी बऱ्याच फोनमध्ये फरक जाणवतो.

दुसरं कारण बॅटरी, आणि त्याचं गाजलेलं उदाहरण आयफोनचं आहे. डिसेंबर २०१७मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं की आयफोन ६, ६एस, एसई आणि ७ या मॉडेलांत बॅटरी जुनी झाली की सॉफ्टवेअर प्रोसेसरचा वेग कमी करतं. जुन्या लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. एकदम जास्त वीज मागितली की तिचा व्होल्टेज कोसळतो आणि फोन अचानक बंद पडतो. ते टाळायला हा उपाय केला होता, पण ग्राहकांना न सांगता. त्याबद्दल फ्रान्समध्ये २०२०मध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. "कंपन्या मुद्दाम जुने फोन मारतात" हा निष्कर्ष लोकांच्या लक्षात राहिला. कामाची गोष्ट मात्र मागे पडली: बॅटरी बदलली की त्या फोनांचा वेग परत येत होता.

बॅटरीबद्दलच्या समजुती तर आणखी जुन्या आहेत. "पूर्ण उतरू द्यायची आणि मगच चार्ज करायची" हा नियम निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियम बॅटरीला वारंवार शून्यावर आणणं मानवत नाही. रात्रभर चार्जिंगला लावल्याने ती जास्त भरतही नाही, कारण शंभर टक्क्यांवर फोन स्वतःच प्रवाह थांबवतो. तिचा खरा शत्रू उष्णता आहे: उशीखाली चार्ज होणारा फोन, मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला फोन. अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्ज-चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत, तर आयफोन १५पासून हा आकडा १००० आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून नव्या फोनांसाठी ८०० चक्रांची अट घातली. म्हणजे दोन-तीन वर्षांनी बॅटरीची क्षमता घटणं हा बिघाड नाही. ती बदलणं ही नेहमीची देखभाल आहे. एक मात्र लक्षात ठेवा: फोन एकदा उघडला की पाण्यापासून बचाव करणारं चिकट सील तुटतं. नवं सील लावून द्यायला सांगा, आणि तरीही फोन पाण्याजवळ नेऊ नका.

"चार्जिंग होत नाही, पोर्ट गेलं" म्हणून आलेल्या फोनांत अनेकदा खिशातल्या कापडाची वळलेली गोळी निघते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढली, की पिन पूर्वीसारखी खटकन बसते.

खरी फसगत होते ती स्क्रीनमध्ये. दुकानदार ज्याला 'फोल्डर' किंवा 'कॉम्बो' म्हणतात, तो डिस्प्ले आणि टच एकत्र असलेला भाग. मूळ फोनला ओएलईडी पडदा असेल आणि दर अगदीच कमी सांगितला, तर बहुधा एलसीडी बसवला जाणार असतो. त्यात काळा रंग राखाडी दिसतो आणि पडद्याखालचा फिंगरप्रिंट चालत नाही. पैसे देण्याआधी तिथेच अंगठा लावून पाहा. टच आणि चित्र दोन्ही शाबूत असून फक्त वरची काच तडकली असेल, तर नुसती काच बदलता येते का, हेही विचारा.

"दुरुस्तीचा खर्च नव्या फोनच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवा घ्या" हा ठोकताळा अपुरा आहे, कारण फोन आणखी किती महिने चालणार हे तो विचारातच घेत नाही. उदाहरणादाखल आकडे घेऊ. २५०० रुपयांची बॅटरी टाकून फोन दीड वर्ष चालला, तर महिन्याला सुमारे १३९ रुपये पडले. १८,००० चा नवा फोन चार वर्षं चालला, तर महिन्याला ३७५. पण आठच महिन्यांत अपडेट बंद होणार असलेल्या फोनवर ७००० रुपयांची स्क्रीन लावली, तर महिन्याला ८७५. निम्म्याचा नियम मात्र ही दुरुस्ती डोळे झाकून पास करतो.

आता तो चौथा मुद्दा, बंद होणाऱ्या अपडेटचा. "व्हॉट्सअ‍ॅप चालतंय, म्हणजे फोन ठीक आहे" या समजुतीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. व्हॉट्सअ‍ॅप वर्षानुवर्षं जुन्या अँड्रॉइडवरही चालत राहतं. पण ज्या फोनला सुरक्षा अपडेट येत नाहीत, त्यातली नव्याने सापडलेली भोकं बुजत नाहीत, आणि त्याच फोनवर आपले यूपीआय, बँकेचं अ‍ॅप आणि ओटीपी असतात. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती वर्षभराहून जुनी असेल आणि फोनवर बँकेचे व्यवहार होत असतील, तर त्याच्यावर मोठा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. असा फोन गाणी ऐकायला, मुलांना अभ्यासाचे व्हिडिओ दाखवायला ठेवा.

नवा घेतानाही अपडेट कधीपर्यंत मिळणार, ते पाहा. गूगलने २०२३मध्ये पिक्सेल ८साठी आणि सॅमसंगने २०२४मध्ये गॅलेक्सी एस२४साठी सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. स्वस्त फोनांत हा काळ बराच कमी असतो. आणि ही वर्षं साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल निम्म्या किमतीत मिळालं, तरी त्याची दोन वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटी यांची माहिती तिथे पाहता येते. बाहेरच्या दुकानात जाण्याआधी ते एकदा जरूर चाळा.

"बोर्ड गेला" हे ऐकलं की बहुतेक लोक आशा सोडतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सहसा अख्खा बोर्डच बदलतात, आणि तो खर्च परवडत नाही. गल्लीतला हुशार कारागीर मात्र मायक्रोस्कोपखाली बोर्ड ठेवून गरम हवेने तांदळाच्या दाण्याएवढी चार्जिंग आयसी उचलतो आणि तिथे नवी बसवतो. फोन चालू ठेवण्यासाठी ही खटपट दर वेळी परवडेलच असं नाही. पण आत फोटो अडकले असतील तर गणित बदलतं. "मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनला लावली की फोटो मिळतात" हे आजच्या फोनांबाबत खरं नाही. आतली माहिती कूटबद्ध असते आणि तिची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. म्हणून बॅकअप नसेल, तर भंगारात जाणारा बोर्डही निदान एक दिवस जिवंत करून घ्यावा लागतो. कारागिराला तसं आधीच स्पष्ट सांगा: फोन नको, फोटो हवेत.